ह्यूगो पुरस्कार: वाचकांची मतं नेमकी मोजतात कशी?

‘ह्यूगो पुरस्कार विजेती’ असा शिक्का मुखपृष्ठावर दिसला की बहुतेकांना वाटतं, कुठेतरी परीक्षकांचं मंडळ बसलं असेल आणि त्यांनी चर्चा करून ही कादंबरी निवडली असेल. असं मंडळ अस्तित्वातच नाही. विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा हा पुरस्कार वाचकांच्या मतांवर ठरतो. मत द्यायला लेखक, समीक्षक किंवा प्रकाशक असावं लागत नाही, सभासदत्वाची फी भरली की झालं. पण ‘ज्याला जास्त मतं तो जिंकला’ इतका सरळ हिशोबही इथे नाही. अंतिम यादी एका पद्धतीने ठरते, विजेता दुसऱ्याच पद्धतीने.

हे पुरस्कार वर्ल्डकॉन नावाच्या वार्षिक संमेलनात दिले जातात. पहिल्यांदा ते १९५३ साली फिलाडेल्फियातल्या अकराव्या वर्ल्डकॉनमध्ये दिले गेले, १९५४ चं वर्ष सुटलं, आणि १९५५ पासून खंड पडलेला नाही. नाव ह्यूगो गर्न्सबॅक यांच्यावरून पडलं. ‘अमेझिंग स्टोरीज’ हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक त्यांनी १९२६ मध्ये सुरू केलं होतं. पुरस्काराचं चिन्ह म्हणजे चकचकीत धातूचं रॉकेट. रॉकेट दरवर्षी तेच असतं, खालची बैठक मात्र यजमान शहर आपल्या कल्पनेने घडवतं.

या पुरस्कारामागची संस्था समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. संस्थेचं नाव वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटी. तिला कायमचं कार्यालय नाही, पगारी माणसं नाहीत. वर्ल्डकॉन दरवर्षी वेगळ्या शहरात भरतं, कुठे भरवायचं ते सभासद दोन वर्षं आधी मतदानाने ठरवतात, आणि ज्या शहराकडे यजमानपद असतं त्या शहराची स्वयंसेवकांची समितीच त्या वर्षीचे ह्यूगो चालवते. मतपत्रिका तीच गोळा करते, मोजतेही तीच. नियम मात्र समितीच्या हातात नसतात. ते संस्थेच्या घटनेत असतात, आणि घटना बदलायची तर संस्थेच्या वार्षिक सभेत ठराव मंजूर व्हावा लागतो, मग पुढच्या वर्षीच्या सभेत पुन्हा. म्हणजे २०१५ मध्ये लक्षात आलेली चूक नियमात दुरुस्त व्हायला २०१७ उजाडतं. एका वर्षाच्या रागाच्या भरात कुणी नियम फिरवू नयेत म्हणून ही संथ गती मुद्दाम ठेवली आहे, आणि तिची किंमतही मोजावी लागते.

मतदानाचा हक्क मिळवायला संमेलनाला जावं लागत नाही. फक्त मतदानापुरतं सभासदत्व वेगळं मिळतं. २०२५ च्या सिएटल वर्ल्डकॉनला ते ५० डॉलरला होतं. प्रत्यक्ष जायचं तर त्यावर आणखी पैसे. नामांकनं वर्षाच्या सुरुवातीला उघडतात आणि साधारण मार्चपर्यंत चालतात, अंतिम यादी वसंतात जाहीर होते, दुसऱ्या फेरीचं मतदान उन्हाळ्यात संपतं आणि पुरस्कार बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये दिले जातात. इथे एक बारकावा आहे. नामांकन या वर्षीच्या आणि मागच्या वर्षीच्या अशा दोन्ही वर्ल्डकॉनच्या सभासदांना करता येतं, पण अंतिम मत फक्त या वर्षीच्या सभासदांना असतं. मागच्या वर्षी फी भरली म्हणून नामांकन केलं आणि पुढच्या फेरीत मतपत्रिकाच मिळाली नाही, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. शिवाय नामांकनासाठी ठरावीक तारखेआधी सभासद झालेलं असावं लागतं. नामांकनं सुरू असताना फी भरली तर अनेकदा फक्त अंतिम मत हाती लागतं.

फी भरण्याचा एक चांगला फायदा म्हणजे वाचनसंच. अंतिम यादीतल्या कथा, कादंबऱ्या, कॉमिक्स, चित्रं प्रकाशकांकडून मिळवून समिती सभासदांना डिजिटल स्वरूपात देते. कधी पूर्ण पुस्तक मिळतं, कधी फक्त काही प्रकरणं. घटनेत याची हमी कुठेच नाही, ही निव्वळ प्रथा आहे. त्यामुळे केवळ संचाच्या आशेने फी भरू नये.

विभाग पुष्कळ आहेत, पण कथात्म साहित्याचे चार विभाग शब्दसंख्येवर बेतलेले आहेत: ७,५०० शब्दांच्या आत कथा, तिथून १७,५०० पर्यंत दीर्घकथा, तिथून ४०,००० पर्यंत लघुकादंबरी, आणि त्यापुढे कादंबरी. सीमारेषेवरची कलाकृती समिती शेजारच्या विभागात हलवू शकते. सरकवण्यालाही मर्यादा आहे. मालिकेसाठी किमान तीन खंड आणि एकूण २,४०,००० शब्द लागतात, आणि त्या वर्षी नवा खंड आलेला असावा लागतो. चित्रपट-मालिकांचे दोन विभाग ९० मिनिटांच्या रेषेवर वेगळे होतात. याखेरीज संपादक, चित्रकार, कॉमिक्स, गेम, हौशी नियतकालिकं आणि हौशी लेखक यांचेही विभाग आहेत. नवोदित लेखकांचा अॅस्टाउंडिंग पुरस्कार आणि किशोर साहित्याचा लोडस्टार याच मतपत्रिकेवर असतात, याच पद्धतीने मोजले जातात, याच समारंभात दिले जातात, पण नियमांच्या भाषेत ते ‘ह्यूगो’ नाहीत. जाहिरातीत हा फरक हमखास पुसला जातो.

पात्रतेचा मूळ नियम सोपा: कलाकृती मागच्या कॅलेंडर वर्षात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली हवी. भाषेची अट नाही. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतली कृती मूळ प्रकाशनाच्या वर्षी पात्र असते, आणि तिचा पहिला इंग्रजी अनुवाद निघतो त्या वर्षी तिला पुन्हा संधी मिळते.

आता मोजणी. नामांकनात प्रत्येक विभागात जास्तीत जास्त पाच नावं लिहिता येतात, त्यांना क्रम नसतो. अंतिम यादीत जागा सहा. २०१६ पर्यंत जागा पाचच होत्या आणि हिशोब सरळ होता, ज्याचं नाव जास्त मतपत्रिकांवर तो यादीत. या हिशोबात एक भगदाड होतं. प्रामाणिक वाचकांच्या आवडी विखुरलेल्या असतात. वर्षभरात इतकं काही प्रसिद्ध होतं की तीनशे जणांच्या पाच-पाच नावांत शेकडो वेगवेगळी पुस्तकं निघतात. अशा वेळी शंभर जणांनी ठरवून तीच पाच नावं लिहिली की यादी त्यांच्या खिशात. त्यासाठी बहुमत लागत नाही, शिस्त पुरते.

२०१५ मध्ये नेमकं हेच झालं. पुरस्कार विशिष्ट विचारांच्या लोकांनी बळकावले आहेत असं म्हणत ‘सॅड पपीज’ आणि ‘रॅबिड पपीज’ या दोन गटांनी आपापल्या समर्थकांना तयार याद्या दिल्या. एकगठ्ठा मतं पडली आणि पाच विभागांत अंतिम यादीच्या सगळ्या जागा त्या याद्यांतल्या नावांनी भरल्या. नियम कुणीच मोडला नव्हता. मग दुसऱ्या फेरीत सभासद लोटले. ५,९५० मतपत्रिका आल्या, तोवरच्या सगळ्यात जास्त, आणि त्या पाचही विभागांत ‘नो अवॉर्ड’ म्हणजे ‘पुरस्कार नको’ हा पर्याय जिंकला. त्याच वर्षी कादंबरीचा पुरस्कार लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला मिळाला. अनुवादित कादंबरीला ह्यूगो मिळण्याची ती पहिलीच वेळ. ही कादंबरी मूळ यादीत नव्हती. यादीतल्या एका लेखकाने गठ्ठा मतांमुळे मिळालेली जागा नको म्हणून माघार घेतली, तेव्हा ती आत आली.

यावर उतारा म्हणून आलेली पद्धत २०१७ पासून लागू आहे. तिचं नाव ‘ई प्लुरिबस ह्यूगो’, बोलताना सगळे ईपीएचच म्हणतात. तिचं यंत्र असं चालतं. प्रत्येक विभागात तुमच्या मतपत्रिकेला एकच गुण असतो. पाच नावं लिहिलीत तर प्रत्येकाला ०.२, दोन लिहिलीत तर प्रत्येकाला ०.५. सगळ्या मतपत्रिकांचे गुण एकत्र केले की सर्वांत कमी गुणांच्या दोन कृती समोरासमोर येतात. त्या दोघींतली बाद कोण होणार हे मात्र गुणांवर ठरत नाही. कोणाचं नाव कमी मतपत्रिकांवर आहे ते पाहतात, आणि ती जाते. बाद झालेलीचा वाटा त्याच मतपत्रिकेवरच्या उरलेल्या नावांना मिळतो. मग पुन्हा बेरीज, पुन्हा दोघींची जोडी. सहा उरल्या की थांबायचं.

आकड्यांत पाहू. समजा गठ्ठ्यात शंभर जण आहेत आणि त्यांच्या यादीत क, ख, ग, घ, च ही पाच पुस्तकं. एखाद-दुसऱ्याने एखादं नाव गाळलं, म्हणून क चं नाव १०० मतपत्रिकांवर, ख ९९, ग ९८, घ ९७ आणि च ९६. बाकीच्या वाचकांची आवडती पुस्तकं प ९०, फ ८५, ब ८०, भ ७५, म ७०, आणि त्याखेरीज किरकोळ नावांचा ढीग. जुन्या पद्धतीने सहा जागा भरल्या असत्या तर क, ख, ग, घ, च आणि प. बाहेरच्यांना एकच जागा.

ईपीएचमध्ये आधी किरकोळ नावांची चाळणी होते, आणि त्यांचे वाटे प, फ, ब, भ, म यांच्याकडे वळतात. दहा पुस्तकं उरली तेव्हा समजा प कडे ५६, फ ५३, ब ५०, भ ४७, म ४४ गुण आहेत. गठ्ठ्याचे शंभर गुण मात्र अजून पाच ठिकाणी वाटलेले, प्रत्येकाला जेमतेम २०. म्हणून तळाला सापडतात घ आणि च. च बाद. आता चौघांना साधारण २५, तळाला ग आणि घ, घ बाद. तिघांना ३३, ग बाद. क आणि ख प्रत्येकी ५० च्या आसपास पोचतात, तळाला भ आणि म येतात, आणि ७० मतपत्रिकांचं म जातं. यादी ठरली: क, ख, प, फ, ब, भ. एकसारखी मतं देणाऱ्यांची पुस्तकं सारख्याच गुणांवर अडकतात, त्यामुळे ती आपसातच लढून एकमेकांना बाहेर काढतात. हे या पद्धतीतलं खरं कसब आहे. गठ्ठा शून्यावर येत नाही हेही लक्षात घ्या. शंभर खऱ्या माणसांना त्यांच्या संख्येइतका वाटा मिळतो, त्याहून जास्त मिळत नाही. माझ्या मते ते योग्यच आहे.

ईपीएच आल्यापासून एक गैरसमज पसरला आहे: एकच नाव लिहावं, म्हणजे अख्खा गुण त्यालाच मिळेल. याने फारसं काही साधत नाही. गुण ठरवतात फक्त समोरासमोर कोण येणार ते, बाद होण्याचा फैसला मतपत्रिकांच्या संख्येवर होतो आणि तिथे तुमचं नाव पूर्ण एक धरलं जातं, सोबत चार नावं असोत वा नसोत. शिवाय बाकीची नावं गळाली की गुण परत येतोच. मनापासून आवडलेली पाच असतील तर पाचही लिहावीत. तीनच वाचली असतील तर तीन लिहून मोकळं व्हावं.

नामांकन वाया जाण्याची कारणं बहुधा साधी असतात. प्रकाशनाचं वर्ष चुकतं, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या काठावरच्या अंकांत. टीव्ही मालिकेचं नुसतं नाव लिहिलं जातं आणि भागाचं नाव राहतं, मग ९० मिनिटांच्या आतल्या विभागात ते कुठल्या भागासाठी मोजायचं ते कळत नाही. एकाच कथेची नावं चार तऱ्हांनी लिहिलेली येतात, ती जुळवण्याचं काम समितीतली माणसं हाताने करतात. लेखक, शीर्षक आणि प्रकाशक किंवा नियतकालिक, तिन्ही लिहिलं तर त्यांचे आणि तुमचेही कष्ट वाचतात. एका लेखकाच्या एकाच विभागात दोनपेक्षा जास्त कृती यादीत येऊ शकत नाहीत, एका मालिकेच्या भागांनाही तीच मर्यादा. यादी जाहीर करण्याआधी प्रत्येकाला विचारलं जातं. कोणी नको म्हटलं तर पुढचा आत येतो.

दुसऱ्या फेरीत पद्धत बदलते. इथे सहा नावं आणि सातवा ‘नो अवॉर्ड’, यांना पसंतीक्रम द्यायचा. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीची मतं मोजतात. कोणाला निम्म्याहून जास्त मिळाली नसतील तर सगळ्यात मागचा बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. असं कुणीतरी उरलेल्या मतांच्या निम्म्यापुढे जाईपर्यंत. समजा ९०० मतपत्रिकांत पहिल्या फेरीत प ला २६० आणि फ ला २३० मतं आहेत, बाकी इतरांत विखुरलेली. शेवटी दोघंच उरतात तेव्हा फ ४४० आणि प ४०५ असंही होऊ शकतं, उरलेल्या ५५ मतपत्रिकांवर दोघांपैकी कोणाचंच नाव नाही. प वर जीव टाकणारे जास्त होते, पण बाकीच्यांना तो नकोसा होता. फ अनेकांची दुसरी-तिसरी पसंती होती. या पद्धतीत बहुतेकांना पटेल असं पुस्तक जिंकतं, आणि धाडसी, वाचकांत दोन तट पाडणारं पुस्तक मागे पडू शकतं. ज्यांना हा दोष वाटतो त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

विजेता ठरल्यावर त्याची आणखी एक परीक्षा होते. किती मतपत्रिकांवर तो ‘नो अवॉर्ड’च्या वर आहे आणि किती ठिकाणी खाली, एवढंच पाहतात. खाली असणाऱ्या जास्त निघाल्या तर त्या विभागात पुरस्कारच नाही.

‘नो अवॉर्ड’ वापरताना सगळ्यात जास्त गफलत होते. न आवडलेलं पुस्तक ‘नो अवॉर्ड’च्या खाली सहाव्या क्रमांकावर लिहिलं म्हणजे आपण त्याला नाकारलं, असं लोकांना वाटतं. पण वरचे सगळे बाद झाले तर तुमचं मत त्याच पुस्तकाकडे जातं! क्रम लिहिला म्हणजे मत दिलं. नकोशा पुस्तकाला काहीच मिळू नये असं वाटत असेल तर ‘नो अवॉर्ड’ला क्रमांक द्या आणि त्या पुस्तकासमोर जागा कोरी सोडा. न लिहिलेलं सगळं लिहिलेल्याच्या खाली धरलं जातं. जे वाचलंच नाही त्यालाही कोरं सोडणं रास्त. आणखी एक: ‘नो अवॉर्ड’ म्हणजे निषेधाचं बटण नव्हे. ‘यातलं काही या पुरस्काराच्या लायकीचं नाही’ असं खरोखर वाटतं तिथेच ते लिहायचं असतं.

एवढी काटेकोर मोजणी असूनही सगळ्यात मोठा घोटाळा मोजणीत झाला नाही. २०२३ चं वर्ल्डकॉन चीनमधल्या चंतू शहरात झालं. नियमानुसार आकडेवारी ९० दिवसांत प्रसिद्ध करावी लागते. ती २० जानेवारी २०२४ ला आली तेव्हा दिसलं की आर. एफ. क्वांग यांची ‘बाबेल’ ही कादंबरी, नवोदित लेखकांच्या विभागात शिरान जे झाओ आणि आणखी काही नावं पुरेशी मतं असूनही ‘अपात्र’ ठरवली गेली होती. कारण कुठेही दिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात फुटलेल्या ई-मेलवरून उघड झालं की समितीतले पाश्चात्त्य सभासदच उमेदवारांनी चीनबद्दल काय लिहिलं-बोललं आहे याची टिपणं काढत होते. ईपीएच असो की पसंतीक्रम, मतपत्रिका ज्याच्या हातात आहेत त्याने आधीच नाव खोडलं तर पुढचं गणित निरुपयोगी. दरवर्षी नवी समिती, वरून देखरेख कुणाची नाही, ही रचना मुळात विश्वासावर उभी होती, आणि आकडे उघड करण्याचा नियम नसता तर हे कळलंही नसतं.

दुसऱ्याच वर्षी ग्लासगोच्या समितीपुढे वेगळं संकट आलं. ३,८१३ मतपत्रिकांपैकी ३७७ खोट्या खात्यांच्या निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच खात्यांची नावं उघडच बनावट. खरी माणसंच मत देऊ शकतात असा नियम असल्याने ती मतं बाद झाली. सगळ्यांचा रोख एकाच उमेदवाराकडे होता. समितीने त्याचं नाव उघड केलं नाही, त्याला याची कल्पना होती असं मानायला आधार नाही हे स्पष्ट केलं, आणि मुख्य म्हणजे हे सगळं समारंभाच्या आधी, जुलै २०२४ मध्येच जाहीर केलं. ५० डॉलरच्या आसपासची फी हा बनावट मतांना बऱ्यापैकी अडसर आहे, पण कुणी खिसा सैल केला तर तोही तुटतो.

इतर पुरस्कारांशी गल्लत नको. नेब्युला लेखकांची संघटना आपल्या सदस्यांच्या मतांनी देते. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचा निकाल परीक्षक लावतात. ड्रॅगन पुरस्काराला मत द्यायला फी लागत नाही, साहजिकच तिथे लोकप्रियतेचं पारडं जड असतं.

सभासद व्हायचं नसेल तरी दरवर्षी समारंभानंतर प्रसिद्ध होणारी आकडेवारी जरूर उघडावी. ती मोफत असते. त्यात नामांकनाच्या शेवटच्या फेऱ्या ओळीने दिसतात: कुठल्या फेरीत कुणाचे गुण किती झाले, कोण कुणासमोर येऊन बाद झालं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे तक्ते पाहताना एक लक्षात ठेवावं, विजेत्याला बाजूला काढून प्रत्येक क्रमांकासाठी मोजणी नव्याने केलेली असते, म्हणून पहिल्या शर्यतीत शेवटपर्यंत टिकलेलं पुस्तक दुसरं येईलच असं नाही. आणि ‘अपात्र’ असा शेरा कुठे दिसला तर शेजारी कारण दिलंय का, तेही बघावं. चांगलं पुस्तक शोधणाऱ्याने विजेत्यापेक्षा यादीबाहेर राहिलेल्या सातव्यापासून पंधराव्या-सोळाव्यापर्यंतच्या नावांवर नजर टाकावी. तिथली पुस्तकं कित्येकदा दोन-चार मतपत्रिकांनी हुकलेली असतात.